व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द आणि जिल्ह्याचा इतिहास : झहीर खान यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा इतिहास लिहिताना निजामशाही, भुईकोट किल्ला, 1942 मधील बंदिवान नेते आणि सहकारी साखर कारखानदारी यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. खेळाडूचे नाव आलेच तर ते ‘जिल्ह्याचे भूषण’ म्हणून एका वाक्यात येते. वास्तविक व्यावसायिक खेळ हा आधुनिक श्रमाचाच एक प्रकार आहे. इंग्लंडमधील क्रिकेटने हौशी व व्यावसायिक हा भेद 1963 च्या हंगामापासून संपविला. रग्बी युनियनने तर खेळाडूला मोबदला देण्यास 1995 मध्ये अधिकृत मान्यता दिली. या पार्श्वभूमीवर श्रीरामपूरचे वेगवान गोलंदाज झहीर खान यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :
झहीर खान यांचा जन्म 7 ऑक्टोबर 1978 रोजी श्रीरामपूर येथे झाला. रेल्वे, प्रवरेचे कालवे आणि ऊस यांच्या आधारे हे बाजारपेठेचे गाव वाढले. शालेय शिक्षण तेथेच घेऊन, अभियांत्रिकीचा मार्ग सोडून ते मुंबईस गेले. तेथे सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबने त्यांना आधार दिला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांचे मार्गदर्शन लाभले. रणजी करंडकात संधी मिळाली ती 1999-2000 च्या हंगामात बडोद्याकडून. ज्या महाराष्ट्र संघाच्या कार्यक्षेत्रात जिल्हा मोडतो, त्या संघाकडून ते रणजी सामना खेळले नाहीत, ही बाब लक्षणीय आहे.

कारकिर्दीचे टप्पे :
2000 मध्ये नैरोबी येथे त्यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेन कसोटीत पाच बळी घेतल्यानंतर दुखापतींनी त्यांना ग्रासले व संघातील स्थान डळमळीत झाले. या टप्प्यावर 2006 चा वूस्टरशायर कौंटीचा करार निर्णायक ठरला. भारतीय संघाबाहेर असताना त्यांनी तेथे एका हंगामात प्रथम श्रेणीचे 78 बळी घेतले. सततच्या सामन्यांचा भार शरीराला पेलावा म्हणून त्यांनी धाव आखूड केली आणि वेगापेक्षा स्विंग व अचूकतेवर भर दिला. त्याचे फळ 2007 मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीतील नऊ बळींच्या रूपाने दिसले. भारताने 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन ते शाहीद आफ्रिदी यांच्यासह सर्वाधिक बळींचे मानकरी ठरले. त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीत पुन्हा दुखापत झाली. ऑक्टोबर 2015 मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा 92 कसोटींत 311 आणि 200 एकदिवसीय सामन्यांत 282 बळी त्यांच्या नावावर होते.

निष्कर्ष :
या कारकिर्दीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, व्यावसायिक खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर होय; ते जपण्यासाठी कौशल्याची पुनर्रचना करावी लागते. दोन, तालुक्याच्या गावातील गुणवत्तेला स्थलांतराशिवाय बाजारपेठ मिळत नाही. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेले अजिंक्य रहाणे हेही डोंबिवलीत घडून मुंबईकडून खेळले. तथापि, जे गावीच राहिले त्यांचा इतिहास आकडेवारीत सापडत नाही. स्थानिक स्पर्धांची प्रमाणपत्रे, संघांची छायाचित्रे व जुन्या क्रीडाशिक्षकांच्या आठवणी नष्ट होण्यापूर्वी त्यांचे संकलन करणे, हे महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांचे संयुक्त कर्तव्य ठरते.