चहा-कॉफीच्या आधीची तरतरी

श्रोतेहो, 'चहापाणी' हा शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो याला मोजदाद नाही. पाहुणा आला की चहापाणी, सोयरीक ठरली की चहापाणी, आणि कचेरीत काम अडलं की तिथेही, दुसऱ्या अर्थाने का होईना, चहापाणीच. या शब्दाच्या जागी पूर्वी एक निराळा शब्द होता. तो म्हणजे गूळपाणी. उन्हातून आलेल्या माणसापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. एक शब्द जाऊन दुसरा आला, त्यासरशी घरचा जिन्नस गेला आणि दुकानचा आला. हा पालट कसा घडला, आणि जे मागे पडलं त्यात आज उचलून घेण्यासारखं काय आहे, एवढंच आज पाहायचं आहे.

मी राहतो ऐरोलीला. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावरचं हे गाव. ऐरोली, दिवे, रबाळे, गोठिवली, घणसोली ही सगळी आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती. पावसाळ्यात बांध घालून राखलेल्या खारजमिनीत भात, उघाडी पडली की खाडीची मासळी आणि मिठाचं काम. आगरी हे नावच 'आगर' म्हणजे मिठागर या शब्दावरून आलं, असं मानतात. आता मिठागरात काम करणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्याचं ऊन, पायाखाली खारं पाणी, डोळ्यांसमोर पांढरं लखलखीत मीठ, आणि सावलीला झाड म्हणून नाही. अशा जागी दिवसभर राबणारा माणूस सकाळी काय पिऊन निघत असे? तर पेज.

पेजेत अवघड काही नाही. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा, पाणी टाकायचं नाही, मीठ घालायचं, आणि गरम गरम प्यायची. सोबत सुकटीची चटणी किंवा एखादी लोणच्याची फोड. घामावाटे पाणी जातं आणि मीठही जातं. पेजेने दोन्ही भरून निघतात, शिवाय अंगात ताकद राहील एवढा पिष्ट भाग पोटात जातो. जुलाब झालेल्या मुलाला पेज द्या असं आजचा डॉक्टर सांगतो, त्यामागचं कारण हेच. हे शास्त्र आपल्या आजीने पुस्तकात वाचलं नव्हतं. पण रोज वापरून ते तिला ठाऊक झालं होतं.

घाटावर गेलात की पेजेची जागा आंबील घेते. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात वा पाण्यात कालवून ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं. मग उकळत्या पाण्यात ते सोडून ढवळत शिजवायचं, वरून लसूण, जिरं, मीठ, निवल्यावर ताक. औत धरणारा गडी वाटीभर नव्हे, तांब्याभर आंबील पिऊन शेतावर जाई आणि दुपारच्या भाकरीपर्यंत त्याचं निभावत असे. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास भरतं. आंबवल्याने धान्यातलं लोहही शरीराला अधिक लागू पडतं. ताक, कोकमाचं सार, कैरीचं पन्हं, कुळथाचं कढण, हे सगळं याच घराण्यातलं. त्यांची नुसती नावं घेऊन पुढे जातो, कारण ती तुम्हांला माझ्यापेक्षा चांगली करता येतात.

मग हे सगळं असताना चहा घरात शिरला कसा? आधी तो शहरात आला, आणि आला तो भांडण घेऊनच. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि शहरात एकच गहजब उडाला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यालेल्यांवर ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं. एका पेल्यासाठी एवढं! पण वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हताच. प्रश्न एकच होता, तो कोणाच्या हातचा. घरची पेज घरातच राहत असे, तिने कधी जात ओलांडली नाही. चहा मात्र दुकानात, बाकावर, चारचौघांत प्यायचा पदार्थ झाला. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी पुढेही कित्येक वर्षे ठेवली जात होती, हे खरंच. तरी एका छपराखाली बसण्याची सवय लावण्यात चहाचा थोडा वाटा आहे. म्हणून मी चहाला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही.

खेड्यात चहा गेला तो मात्र आपणहून गेलेला नाही, नेऊन घातलेला आहे. मळेवाल्यांच्याच मागणीवरून 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवण्यात आला, आणि त्यातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, कारखाने इथे चहाची दुकानं निघाली. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. 1930 नंतर जगात मंदी आली, परदेशात चहा खपेना, तेव्हा मळेवाल्यांना आपल्या देशातलं गिऱ्हाईक अधिकच आठवू लागलं. पुढे पत्ती चुरून गोळीदार चहा करणारी यंत्रं सर्वत्र आली. तो चहा स्वस्त, रंगाला गडद आणि थोड्यात पुष्कळ होणारा. गरिबाला परवडणारा चहा म्हणतात तो हाच.

कॉफीची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात ती पिकते ती काय ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, तीही थोडी. मुंबईत 1936 साली चर्चगेटला कॉफी उपकर समितीने कॉफी हाउस काढलं, तेही खप वाढवण्यासाठीच. आपल्या घरांत कॉफी बरीच वर्षे उपासाची, आजाऱ्याची आणि मुलगी पाहायला आलेल्यांची होती. जायफळ उगाळून घातलेली, दुधाळ. रोजची काळी कॉफी ही अलीकडची. ऐरोलीत जिथे खारजमीन होती तिथे आता संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. सिडकोची स्थापना 1970 ची. जमीन गेली, भात गेलं, मिठाचं काम सरलं. त्या इमारतींत परदेशाच्या घड्याळाप्रमाणे काम चालतं, आणि रात्री तीन वाजता जागं राहण्यासाठी पोरं यंत्राखाली पेला धरतात. त्यांतली काही त्याच आगरी घरांतली आहेत. आजोबा पेज पिऊन उन्हाला तोंड देत होते, नातू कॉफी पिऊन झोपेला तोंड देतो. दोघांची गरज एक नाही, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

कारण कॉफी ताकद देत नाही. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत एक द्रव्य साचत जातं, ते आपल्याला झोपेकडे नेतं. कॉफी-चहातलं कॅफिन त्या द्रव्याची जागा अडवून बसतं, म्हणून थकवा जाणवत नाही. थकवा असतोच, फक्त निरोप पोहोचत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको असं म्हटलं आहे. दाण्यांपासून केलेल्या एका पेलाभर कॉफीत 80 ते 120, झटपट कॉफीत 50 ते 65, चहात 30 ते 65 मिलिग्रॅम असतं. हिशेब ज्याचा त्याने करावा. त्याहून महत्त्वाची सूचना अशी की जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये. त्यातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह शरीराला लागू देत नाहीत. आपल्या घरांतल्या किती बाया चहाच्या पेल्यावर सकाळ काढतात आणि वर चपातीही चहातच बुडवून खातात, ते पाहिलं म्हणजे ही सूचना कोणासाठी आहे ते कळतं.

पर्याय शोधण्याचा उद्योग जुनाच आहे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने 1777 साली प्रजेला कॉफी सोडून बीअर पिण्याचा उपदेश केला. पैसा परदेशी जातो हे त्याचं दुखणं. तिकडे मग भाजलेल्या जवाची आणि चिकोरीच्या मुळाची कॉफी रुळली. गांधीजींनी 1913 साली आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तिच्यात गव्हाच्या कॉफीची कृती आहे. गहू निवडून कढईत काळसर तांबूस होईतो भाजावे, दळावे, चमचाभर भुकटीवर उकळतं पाणी ओतावं. हवं तर दूध-साखर. पुढे 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ते कैदेत होते. 15 ऑगस्टला महादेवभाई तिथेच वारले, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत गांधीजींनी आरोग्याच्या त्याच विषयावर नव्याने लिहायला घेतलं. त्या पुस्तकातही चहा, कॉफी, कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि शरीराला यांची गरज नाही हे मत कायम आहे.

कोकणात गव्हाची गरजही नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उगवतो तो टाकळा. त्याची भाजी आपण खातो, पण शेंगा वाळल्या की बिया फुकट जातात. त्या भाजून, कुटून कॉफीसारखं पेय करता येतं. चव कडवट, रंग कॉफीचा, कॅफिन नाही. परसातला गवती चहा आहेच; ज्याला चहा सुटत नाही त्याने सुंठ-गूळ घालून तो प्यावा, ओठांना उणं वाटत नाही. नीरेचं मात्र जपून. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर नीरेला परवान्याने विक्रीची वाट मोकळी राहिली, मुंबई-ठाण्याच्या रेल्वे स्थानकांवर तिचे स्टॉल लागले. पेय उत्तम, पण त्यात साखर पुष्कळ, आणि ऊन चढलं की ती आंबून ताडी होते. मधुमेह्याने तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

आता राहिला प्रश्न असा की एवढं चांगलं असून पेज-आंबील मागे का पडली? वेळ लागतो, हे एक कारण. पण खरं कारण लाजेचं आहे, असं माझं मत आहे. 'पेजेला महाग' हा आपल्या भाषेतला दारिद्र्याचा शेवटचा टप्पा. चार पैसे हाती आले की माणूस आधी ज्याची लाज वाटते ते टाकतो. पेज टाकली, नाचणी टाकली, पाहुण्यापुढे कपबशी आली. गंमत अशी की 2023 हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झाल्यावर तीच नाचणी रंगीत पुड्यांतून शहरात विकली जाते, आणि तिचा भाव ऐकून शेतकऱ्याची बायको तोंडाला पदर लावते.

शिक्षक श्रोत्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. 2024 साली शालेय पोषण आहाराच्या पाककृतींत नाचणी सत्त्वाचा समावेश झाला. सत्त्व करायला नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून भाजून दळायचं. शाळेतल्या मुलांना हे एकदा करून दाखवायला दोन-तीन दिवस पुरतात. मोड आलेले दाणे मुलं हातात घेऊन पाहतात, मग पेला पुढे आला की नाक मुरडत नाहीत. घरी जाऊन आजीला विचारा म्हणावं, तुमच्याकडे आंबील कशी करायचे. ताकात की पाण्यात, लसूण घालून की गूळ घालून, हे दर दोन कोसांवर बदलतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.