धावपट्टीविना वेग

टूरिंग कारची शर्यत रस्त्यावरच्याच मोटारींत फेरबदल करून खेळली जाते. ब्रिटनमध्ये तिची राष्ट्रीय स्पर्धा 1958 साली सुरू झाली. मग अशा शर्यतीतला व्यावसायिक चालक नांदेड-लातूरकडे का घडला नाही? मला वाटते, हा प्रश्न धाडसाचा नाही, सोयींचा आहे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे 1932 साली निजामाच्या रेल्वेने बससेवा सुरू केली. सामान्य माणसाला मोटार भेटली ती तिकीट काढून बसायचे वाहन म्हणून, हौसेचे यंत्र म्हणून नव्हे. देशातली शर्यतीची धावपट्टी मद्रासजवळ शोलावरमला, पुढे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरला वाढली. मेकॅनिक, टायर, सराव, प्रायोजक हे सारे तिच्याभोवतीच जमले.

यावर कुणी म्हणेल, वेगाचे वेडच इथे नसेल. पण शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेला माणूस हे मान्य करणार नाही. या शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, तरी लोकांनी त्यांचा ध्यास सोडला नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोल्हापूरही मद्रासपासून दूरच, तरीही तिथला ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत उतरला. खरे आहे. पण कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. लहान वयात वळण घ्यायला, ब्रेक कुठे दाबायचा ते शिकायला तीच शाळा लागते. लातूरने शिकवणीची अशी शिस्तबद्ध व्यवस्था परीक्षांसाठी उभी केली आणि तिचे फळ राज्याने पाहिले. ट्रॅकसाठी मात्र तसे भांडवल इथे कुणी ओतले नाही.