रोमन पुरुषनामे

प्राचीन रोममधील नागरिक पुरुषांची लॅटिन नावे, त्यांची व्युत्पत्ती आणि त्यांमागील कुलव्यवस्था. मार्क, पॉल, अँटनी, व्हिक्टर, क्लेमंट इ. आज अनेक देशांत रूढ असलेली मुलांची नावे या लॅटिन नावांपासून आली आहेत. अशा नावांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या आढळतात. तथापि रोमन समाजात नावाचा शब्दार्थ आणि ते नाव ठेवण्याचे कारण या दोन बाबी बहुधा भिन्न होत्या. मुलगा कोणत्या कुळातला व कोणाचा वारस, हे सांगणे हे नावाचे मुख्य प्रयोजन होते.

प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात प्रतिष्ठित नागरिकाच्या नावाचे सामान्यतः तीन घटक असत : वैयक्तिक पूर्वनाम (प्रीनोमेन), कुलनाम (नोमेन) व कुळाच्या शाखेचे उपनाम (कॉग्नोमेन). उदा., मार्कस टलियस सिसरो (इ. स. पू. १०६–४३) या नावात मार्कस हे पूर्वनाम, टलियस हे कुलनाम आणि सिसरो हे उपनाम होय. अधिकृत लेखात याखेरीज ‘मार्कसचा पुत्र, मार्कसचा नातू’ अशी वंशोक्ती व नागरिकाच्या मतदान-गणाचे नाव येई. मुलाचे नामकरण जन्मानंतर नवव्या दिवशी शुद्धिविधीच्या वेळी होत असे. मुलीस कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप मिळे. म्हणून सिसरोची कन्या टलिया. पूर्वनाम हे प्रायः पुत्रांचेच वैशिष्ट्य राहिले.

पूर्वनामांची संख्या अत्यल्प होती. प्रजासत्ताकाच्या अखेरीस सुमारे अठराच पूर्वनामे सर्रास वापरात होती आणि त्यांतही ल्यूशियस, गेयस व मार्कस या तिघांचा प्रसार सर्वाधिक होता. त्यामुळे ती आद्याक्षरांनी लिहिण्याचा प्रघात पडला. गेयससाठी ‘ग’ऐवजी ‘क’ या वर्णाचे चिन्ह लिहीत. कारण प्राचीन लॅटिन लिपीत या दोन ध्वनींसाठी एकच अक्षर होते आणि लिपी सुधारल्यावरही जुने संक्षेप टिकून राहिले. यांपैकी काही नावांचे मूळ स्पष्ट आहे. ल्यूशियसचा संबंध ‘प्रकाश’ या अर्थाच्या लक्स शब्दाशी जोडला जातो. पहाटेच्या उजेडात जन्मलेला, असे त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. मॅनियस म्हणजे सकाळी जन्मलेला. मार्कस हे नाव युद्धदेव मार्स याच्यावरून आले, असे मानतात. टायबीरियस हे टायबर नदीवरून, तर क्विंटस, सेक्स्टस व डेसिमस ही अनुक्रमे पाचवा, सहावा व दहावा या संख्यावाचकांवरून आली आहेत. पायाळू मुलास अग्रिपा म्हणत, असे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. गेयससारख्या अत्यंत प्रचलित नावाची व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे.

ऐतिहासिक काळात हे अर्थ जवळजवळ लोपले होते. सिसरोच्या धाकट्या भावाचे नाव क्विंटस होते. पण तो पाचवा पुत्र नव्हता, दोघा भावांतला दुसरा होता. नाव निवडताना पिता शब्दकोशाकडे नव्हे, तर पूर्वजांकडे पाहत असे. ज्येष्ठ पुत्रास बहुधा पित्याचे पूर्वनाम मिळे. डोमिशियस कुळातील अहेनोबार्बस या शाखेने नीयस व ल्यूशियस ही दोनच पूर्वनामे पिढ्यान्‌पिढ्या वापरली, असे स्वेटोनियस सांगतो. पुढे सम्राट नीरो म्हणून प्रसिद्धीस आलेला मुलगा इ. स. ३७ मध्ये जन्मला, तेव्हा याच प्रथेनुसार त्याचे नाव ल्यूशियस ठेवण्यात आले होते.

पूर्वनाम ही कुळाची मालमत्ता असल्यामुळे ते काढूनही घेता येत असे. इ. स. पू. ३८४ मध्ये मार्कस मॅनलियस कॅपिटोलायनस यास राजपदाची आकांक्षा धरल्याच्या आरोपावरून देहदंड झाला; त्यानंतर आपल्यापैकी कोणीही मार्कस हे नाव धारण करू नये, असा निर्णय मॅनलियस कुळाने घेतल्याचे लिव्हीने लिहिले आहे. क्लॉडियस कुळाने दोघा गुन्हेगार कुलबंधूंमुळे ल्यूशियस हे नाव वर्ज्य केले. पुढे हा अधिकार शासनाने आपल्या हाती घेतला. मार्क अँटनीच्या पराभवानंतर इ. स. पू. ३० मध्ये अँटोनियस कुळात मार्कस हे नाव ठेवण्यास बंदी करण्यात आली. इ. स. २० मध्ये नीयस कॅल्पर्नियस पीसो याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला व त्याने आत्महत्या केली. त्याच्या पुत्राचे नावही नीयस होते. त्यास पूर्वनाम बदलावे लागले व तो ल्यूशियस झाला. पित्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त पुत्राच्या नावाने घेतले.

उपनामे मूळची टोपणनावे असल्याने त्यांत शब्दार्थ अधिक जिवंत दिसतो व पुष्कळदा तो व्यंगदर्शक असतो. नासो (नाकाड्या), स्ट्रेबो (तिरळा), सीकस (आंधळा), क्रॅसस (लठ्ठ), पॉलस (लहानखुरा), रूफस (तांबूस केसांचा) ही नावे प्रतिष्ठित घराण्यांनी अभिमानाने मिरविली. सिसरो हे नाव हरभऱ्यावरून आले. राजकारणात प्रवेश करताना मित्रांनी ते बदलण्याचा सल्ला दिला असता, आपण त्यास कीर्ती मिळवून देऊ, असे त्याने उत्तर दिल्याचे प्लूटार्कने नोंदविले आहे.

नाव हे नागरिकत्वाचे चिन्ह असल्याने गुलामास त्रिपदी नाव नसे. प्राचीन काळी त्यास ‘मार्कसचा पोऱ्या’ अशा अर्थाने मार्सिपोर म्हणत. मुक्त झाल्यावर तो धन्याचे पूर्वनाम व कुलनाम घेई आणि स्वतःचे जुने नाव उपनाम म्हणून राखी. सिसरोचा लेखनिक टायरो हा मुक्तीनंतर मार्कस टलियस टायरो झाला. इ. स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला याने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. त्याचे अधिकृत नाव मार्कस ऑरीलियस अँटोनायनस असल्यामुळे असंख्य नवे नागरिक ऑरीलियस बनले. कुलनाम इतके सार्वत्रिक झाल्यावर त्याची ओळख पटविण्याची शक्ती संपली. पूर्वनामही क्रमाने मागे पडले आणि व्यक्तीपुरते उपनाम तेवढे शिल्लक राहिले.

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारामुळे नावाचा अर्थ पुन्हा महत्त्वाचा ठरला. व्हिक्टर (विजयी), फीलिक्स (भाग्यवान) यांसारख्या जुन्या नावांस नवा आशय लाभला. रेनेटस (पुनर्जन्म पावलेला), बेनेडिक्टस (आशीर्वादित) ही नावे श्रद्धेची निदर्शक बनली. रोमन देवाचे नाव धर्मगुरूस अनुचित वाटू लागले. ५३३ मध्ये पोपपदी आलेल्या मर्क्यूरियसने जॉन हे नाव धारण केले. कालांतराने बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव ठेवण्याचा प्रघात दृढ झाला. कुळातील पूर्वजाची जागा आता संताने घेतली.

याच मार्गाने ही नावे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे देण्यात आली. त्यांतील पावलू, मार्कुश, व्हिसेंत, बेंतु, आंतोनियु ही नावे लॅटिनोद्भव होत. कोकणीत अँटोनियसचे आंतोन आणि ‘प्रभूचा’ या अर्थाच्या डोमिनिकसचे दुमिंग झाले. अँटोनियस हे मूळचे कुलनाम. त्याचा निश्चित शब्दार्थ ज्ञात नाही. ते जगभर टिकले, ते पाद्वाच्या संत अँटनीसारख्या विभूतींच्या स्मृतीमुळे. रोमन पुरुषनामांचा इतिहास पाहता शब्दाच्या अर्थापेक्षा ते नाव पूर्वी कोणी धारण केले होते, यावरच त्याचे आयुष्य अधिक अवलंबून राहिले, असे दिसून येते.