दिनविशेष : २५ फेब्रुवारी
श्रवणचेतेला विजेची पहिली साद

१९५७ : पॅरिसमध्ये आजच्या दिवशी बहिऱ्या माणसाच्या श्रवणचेतेशी विजेचे नाते प्रथमच कायमस्वरूपी जोडण्याचा प्रयत्न झाला. विद्युत-शरीरक्रियेचे अभ्यासक आंद्रे जूर्नो यांनी तारेचे छोटे वेटोळे तयार केले. कानाचे शल्यविशारद शार्ल एरिएस यांनी ते दोन्ही कानांची श्रवणशक्ती गमावलेल्या रुग्णाच्या शरीरात बसवले. त्वचेला छेद न देता बाहेरून प्रवर्तनाने संकेत आत पोहोचत. रुग्णाला आवाजाची लय कळू लागली, सरावाने मोजके शब्दही ओळखता आले. उपकरण मात्र टिकले नाही.

तरी वाट सापडली होती. १९६१मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. १९७८मध्ये मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे उपकरण बसवले आणि बोलणे समजण्याची आशा खरी ठरू लागली.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट कानातल्या निकामी झालेल्या केशपेशींना वळसा घालून थेट चेतेला संकेत देते. त्या संकेतांचा अर्थ लावायला मेंदूला शिकावे लागते, आणि हे शिकणे बालपणी सर्वांत सोपे असते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू मुलांना हे इम्प्लांट मिळते; त्याचे काम मुंबईतील अली यावर जंग संस्था पाहते. हे शिकणे वेळेत सुरू व्हावे म्हणून बाळ जन्मताच त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी. इथे गेलेला वेळ भरून काढणे फार अवघड असते.