विणीचा हंगाम, पीसगळ आणि दिवसाची लांबी

डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांहून थोडा मोठा.

फरक सव्वादोन तासांचाच, पण पक्ष्याला तो कळतो. प्रकाश कवटीतून थेट मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो. दिवस वाढू लागला की तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि हिवाळ्यात आक्रसलेल्या जननग्रंथी फुगतात. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवून जुंको पक्ष्यांत हा बदल ऐन थंडीत घडवून दाखवला.

लांब दिवस बरेच आठवडे टिकले, की त्याच ग्रंथी पुन्हा आक्रसतात आणि पीसगळ वेग घेते. शिकारी पक्ष्यांत मादी बहुधा अंडी उबवतानाच पिसे टाकू लागते. पिलांसाठी शिकार आणणाऱ्या नराची पीसगळ उशिरा सुरू होते, कारण त्याला पंख शाबूत हवेत. ससाण्यांत पंखांची मोठी पिसे मधूनच, चौथ्यापासून, गळू लागतात. शिक्र्यात सर्वांत आतल्या पिसापासून.

मराठवाड्यात शिक्रा मुख्यतः मार्च ते जूनमध्ये वीण करतो. कापशी घार मात्र उंदीर मुबलक असले की वर्षात जवळजवळ केव्हाही घरटे बांधते. तिच्यासाठी अन्नाची हाक प्रकाशाइतकीच मोलाची.