बर्फाने रचलेला शिंपला

शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थरात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते, म्हणजे चुनखडीचेच द्रव्य. या खनिजाचा नुसता स्फटिक अतिशय ठिसूळ. तो थर तोडायला मात्र स्फटिकाच्या ३००० पटींपर्यंत ऊर्जा लागते.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ जॉन करी यांनी वेगवेगळ्या शिंपल्यांचे असे थर ताणून तोडून पाहिले आणि १९७७ मध्ये निष्कर्ष मांडले. सारी करामत रचनेची आहे. जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीच्या खनिज चकत्या भिंतीतल्या विटांसारख्या सांधे चुकवून बसलेल्या असतात आणि मध्ये प्रथिने व कायटिन यांचा पातळ लेप असतो. तड्याला सरळ धावता येत नाही. तो लेपातून वळसे घेतो, चकत्या एकमेकींवर घासत किंचित सरकतात आणि त्यातच त्याचा जोर जिरतो.

हे कळले तरी इतक्या बारीक चकत्या मांडायच्या कशा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर समुद्राच्या बर्फात सापडले. खारे पाणी गोठताना बर्फ मिठाला सामावून घेत नाही. ते बर्फाच्या पापुद्र्यांमधल्या फटींत साचते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत सिल्व्हाँ देव्हिल, एदुआर्दो साइझ, अंतोनी तोम्सिया आणि सहकाऱ्यांनी मिठाऐवजी सिरॅमिकची पूड पाण्यात कालवली आणि ते मिश्रण एका बाजूने गोठवत नेले. पूड थराथरांत दाबली गेली. मग कमी दाबाखाली बर्फाची थेट वाफ केली आणि उरलेला सांगाडा भट्टीत भाजला. ही रीत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली कल्पकता आजही थक्क करते: कारागिरी सगळी बर्फाची!

२००८ मध्ये याच प्रयोगशाळेतल्या गटाने ॲल्युमिना या सिरॅमिकच्या अशा सांगाड्यात ॲक्रिलिकचे प्लॅस्टिक भरले. तो पदार्थ तोडायला मूळ घटकांच्या ३०० पटींहून अधिक ऊर्जा लागली. मात्र त्याच्या विटा शिंपल्यातल्या चकत्यांपेक्षा कितीतरी जाड होत्या आणि प्लॅस्टिक २० टक्क्यांच्या आसपास. शिंपल्याचे ५ टक्क्यांत भागते.

शिवाय ॲल्युमिना भाजायला प्रचंड उष्णता लागते. शिंपला समुद्राच्या पाण्यातच घडतो. म्हणून चीनमधल्या हफेई येथील शू-होंग यू यांच्या गटाचे २०१६ चे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी कायटिनपासून मिळणाऱ्या कायटोसानचा सांगाडा बर्फाने घडवला आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट भट्टीशिवाय, काही आठवड्यांत, पाण्यातूनच जमू दिले. शिंपल्याच्या सर्वांत जवळ पोचलेली वाट हीच.