धाबं, डबा आणि मोटार : गळतीचा एक शोध

१९९६ साली मृगाच्या पहिल्या पावसात आमच्या पद्मिनीत पाणी आलं. अण्णा वर्षभरापूर्वीच रेल्वेतून निवृत्त झाले होते. मिळालेल्या पैशांतला बराचसा बहिणीच्या लग्नात गेला आणि उरलेल्यातून त्यांनी ही बारा वर्षं वापरलेली गाडी घेतली. आमच्या घरातली ती पहिली मोटार. पुढच्या मॅटखाली चांगली बोटभर पाण्याची चकती साचली होती. मी गाडीभोवती फिरलो. दाराच्या तळाशी मला तीन-चार बारीक भोकं दिसली. पाणी इथूनच येतं, अशी माझी खात्री झाली. बाजारातून सीलंटची नळी आणली आणि चारही दारांच्या तळाची सगळी भोकं बुजवून टाकली.

अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. आधी बघ, मग बुजव." मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ऐकलं नाही.

दोन वर्षांनी पुढच्या डाव्या दाराला तळाशी फोड आले. पत्राकाम करणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं, तर ते आरपार गेलं. दार आतून कुजलं होतं. बाहेर जाणारं पाणी मी आत कोंडून ठेवलं होतं. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते कॅरिज अँड वॅगन खात्यात फिटर होते. गळके डबे शोधण्यात आणि ते दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हाताखाली काय ज्ञान होतं, हे मला ते गेल्यावर उमगू लागलं. हा लेख म्हणजे त्याचा उशिरा घेतलेला मागोवा आहे.

आमच्याकडे गळतीचा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही, धाब्यापासून होतो. खानदेशातल्या जुन्या गावांत अजूनही धाब्याची घरं दिसतात. लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पालापाचोळा आणि मातीचा जाड थर, आणि सगळ्यांत वर खारी माती. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी टाकणं हे घरातलं दरवर्षीचं ठरलेलं काम. ती माती भिजली की दाट बसते आणि पाण्याला सहज खाली जाऊ देत नाही. पण धाबं नुसत्या मातीवर टिकत नाही. त्याला किंचित उतार असतो, आणि उताराच्या टोकाला पन्हळ. पन्हळ तुंबली, तर कितीही खारी टाका, धाबं गळणारच. म्हणजे नियम दोन कलमी आहे. पहिलं कलम, पाण्याला अडव. दुसरं, अडवलेल्या पाण्याला वाट दे. माझं दार कुजलं, कारण मला फक्त पहिलं कलम ठाऊक होतं.

भुसावळ रेल्वेने मोठं केलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे रूळ खानदेशात शिरले. १८६७ मध्ये भुसावळवरून नागपूरची वाट खुली झाली आणि १८७० मध्ये जबलपूरकडची. एका लहान गावाचं जंक्शन झालं. इंजिनांचा, पुलांचा, घाटांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. डब्याच्या छपराचा मात्र कोणी लिहीत नाही. गाडीच्या छपराला आपण 'टप' म्हणतो. तोच शब्द टांग्याच्या कापडी छत्राला होता, पुढे मोटारीला लागला आणि एसटीलाही. आच्छादन बदलत गेलं, शब्द तोच राहिला.

जुन्या डब्यांचा सांगाडा आणि अंग लाकडाचं असे. टपावर फळ्या जोडून त्यांवर जाड कॅनव्हास ताणत, तो सफेत्याच्या लेपात बसवत आणि वरून रंगाचे हात देत. इंग्लंडच्या ओल्या हवेसाठी ही रीत ठीक होती. आमच्याकडे पावसाआधी तीन महिने ऊन असतं. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात लाकूड आकसतं, फळ्यांमधल्या फटी रुंदावतात, रंगाला तडे जातात. मग जूनमध्ये पाणी येतं. गळती पावसाळ्यात दिसते, पण ती तयार होते उन्हाळ्यात. म्हणून जाणता कारागीर टपाची तपासणी वैशाखात करायचा, आषाढात नव्हे.

मालाच्या बंद वॅगनची तपासणी अण्णा सांगत, ती मला सगळ्यांत आवडते. भर दुपारी वॅगनमध्ये शिरायचं, दारं लावून घ्यायची आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचं. मग वर बघायचं. जिथं उन्हाची तिरीप दिसेल तिथं खडूने खूण करायची. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार. कपाशीच्या गाठी किंवा धान्याची पोती भरायची, तर एका तिरिपीची किंमत काय होते ते व्यापाऱ्याला विचारा. त्यात अण्णा एक पुस्ती जोडत : "उजेड सरळ येतो, पाणी वळून येतं. म्हणून उजेड दिसला नाही, तरी वॅगन कोरडी राहीलच असं नाही."

२ ऑक्टोबर १९५५ रोजी मद्रासजवळच्या पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरीचं उद्घाटन झालं. तंत्र स्वित्झर्लंडच्या श्लीरेन इथल्या कारखान्याचं. आता लाकडाऐवजी पूर्ण पोलादाचा, वेल्डिंगने एकसंध केलेला डबा आला. टपाचा प्रश्न बराचसा मिटला, पण पाण्याने दुसरी वाट धरली. ते आता खालून खाऊ लागलं. संडासातलं पाणी, फरशी धुताना ओतलेलं पाणी आणि खिडकीतून आलेला सडा फरशीच्या सांध्यांतून झिरपून खालच्या नागमोडी पत्र्यात उतरायचा. तिथून बाजूच्या लांब तुळईच्या आतल्या अंगाला. वरून फरशी गुळगुळीत, रंग चकचकीत आणि आत गंज. त्यासाठी पत्र्याला पाणी निघून जाण्याची भोकं ठेवलेली असत. केर, बिड्यांची थोटकं आणि शेंगांची टरफलं अडकून ती बुजत. गंजलेला भाग कापून तिथं नवं पोलाद जोडणं हे मोठ्या दुरुस्तीतलं नेहमीचं काम झालं. शतक बदलताना, २००० च्या सुमारास, जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले. त्यांच्या अंगाला गंजरोधक पोलाद वापरलेलं आहे. पेरांबूरने जुन्या आराखड्याचे डबे बनवणं २०१८ मध्ये थांबवलं. अण्णांचं अर्धं काम त्या दिवशी इतिहासजमा झालं म्हणायला हरकत नाही.

मोटारीनेही हाच प्रवास केला, फक्त थोड्या वर्षांत. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्याच होत्या. पाऊस आला की कापडी टप ओढायचा. त्या कापडाचा पूर्वज १८२३ सालचा. त्या वर्षी चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. हे रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. आमच्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको. गंधकाबरोबर तापवून रबर पक्कं करण्याचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळालं. काच, दार आणि पत्रा यांच्यामधली काळी पट्टी, जिला गॅरेजवाले 'बीडिंग' म्हणतात, ती यातूनच शक्य झाली. पुढे बंद मोटारी आल्या, तरी कित्येक वर्षं टपाचा मधला भाग कापडाचाच असे, कारण तेवढ्या रुंदीचा पत्रा एका ठोक्यात घडवणं सोपं नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला आणि हळूहळू तोच रिवाज झाला.

युद्धकाळातल्या जीपने मात्र वेगळंच उत्तर दिलं. कापडी टप, दारांचा पत्ता नाही, पाणी येणारच. म्हणून तिच्या तळालाच निचऱ्याची भोकं ठेवली आणि त्यांना बुचं दिली. पाणी साचलं की बूच काढा. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून जीपची जुळणी केली आणि ती गाडी आपल्या शेतरस्त्यांवर रुळली. धाब्याचं दुसरं कलम इतक्या उघडपणे मान्य करणारी गाडी मी दुसरी पाहिली नाही.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवली. तीच पुढे पद्मिनी झाली. तिचं दार, किंबहुना कुठल्याही मोटारीचं दार, जलाभेद्य नसतं. काच खाली-वर होते, तिथे फट लागतेच. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या फटीतून दाराच्या पोटात पडतं, हे गाडी घडवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. पोटातलं पाणी तळाच्या भोकांतून रस्त्यावर जातं. आतल्या पुठ्ठ्याला ते लागू नये म्हणून मध्ये मेणकागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो पडदा फाडला, की पाणी पुठ्ठ्यावर येतं आणि तिथून कारपेटवर. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. आधीच्या मालकाने दारात स्पीकर बसवले होते. दोष पडद्याचा होता आणि शिक्षा मी भोकांना दिली.

गेल्या पंचवीस वर्षांत मी स्वतःच्या, शेजाऱ्यांच्या आणि ओळखीच्या गॅरेजमधल्या पुष्कळ ओल्या गाड्या पाहिल्या. अण्णांची पद्धत मोटारीला जशीच्या तशी लागू पडते. आधी मॅट, कारपेट काढून तळ पूर्ण कोरडा करायचा. ओल्या गाडीत गळती सापडत नाही. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून हळू धारेने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करून वर जायचं. आधी दाराचा तळ, मग काचेची कड, शेवटी टप. टपावरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर कोण ते कळत नाही. दाराच्या बीडिंगवर खडू घासून दार लावून उघडलं, तर जिथं पत्र्यावर खडू उमटला नाही तिथं दाब नाही. कागदाची पट्टी दारात धरून ओढली आणि ती सहज सुटली, तरी तोच निष्कर्ष. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन तडे पाडतात. १९६० च्या दशकात आलेलं ईपीडीएम रबर जास्त टिकतं, पण आमच्या उन्हापुढे तेही कधीतरी हार मानतं. अशी पट्टी बदलावी. तिच्यावर सीलंट थापून काही होत नाही.

अलीकडच्या गाड्यांत आमच्या गावचा एक खास गुन्हेगार आहे, कडुनिंब. सावली म्हणून सगळे त्याच्याखाली गाडी लावतात. वायपरखालच्या जाळीतून पानं आत जातात, तिथल्या निचऱ्याच्या वाटेवर साचतात, कुजतात आणि बूच बनतात. मग पाण्याची पातळी चढते आणि पंख्याच्या हवेच्या वाटेने ते पायाशी उतरतं. माणूस काचेचं बीडिंग बदलतो, पैसे घालवतो. काम असतं मूठभर पाला काढण्याचं.

पाऊस नसताना पाणी दिसलं, तर आणखी दोन संशयित. एसीच्या थंड जाळीवर दवासारखं जमलेलं पाणी एका नळीने गाडीखाली ठिबकतं. ती नळी धुळीने बुजली, की ते आत सांडतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो. पण पाणी बुळबुळीत, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते हीटरमधून आलेलं इंजिनचं कूलंट समजावं. चव घेऊन बघू नये, ते विष आहे.

हे सगळं क्षुल्लक वाटेल. पण सीटचे नट-बोल्ट आणि पट्ट्यांचे आधार तळाच्या पत्र्यालाच असतात, आणि आताच्या पुष्कळ गाड्यांत वायरी कारपेटखालून जातात. तळ कुजला की माणसाचा जीव ज्यावर टांगलेला असतो तेच सैल होतं. वास आल्यावर सुगंधी डबी ठेवणारा माणूस या गोष्टीला बगल देत असतो.

अण्णा २०११ मध्ये गेले. त्यांच्या कपाटात एक डायरी सापडली. तीत गळतीविषयी जेमतेम सात ओळी आहेत, त्याही डब्यांचे क्रमांक आणि 'भोक साफ केले' एवढाच मजकूर. सुरुवातीला मी निराश झालो. चाळीस वर्षांच्या कामाचे सातच उल्लेख? आता वाटतं, नोंद पुरेशी आहे. 'भोक बंद केले' असं त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही.

पद्मिनीचं ते दार आम्ही बदललं. गाडी पुढे विकली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, त्या बातमीच्या दिवशी मला टॅक्सीपेक्षा आमचं ते कुजलं दार आठवलं. आता माझ्याकडे दुसरी गाडी आहे. दरवर्षी सात जूनच्या आधी, मृग लागण्यापूर्वी, मी खराट्याची एक काडी घेतो, चारही दारं उघडून तळाची भोकं मोकळी करतो आणि वायपरखालचा पाला काढतो. अर्धा तास लागतो. मग तांब्याभर पाणी काचेच्या फटीत ओततो आणि खाली वाकून ते बाहेर पडतं का, ते बघतो.